तीन मायक्रॉन कमी

कारखान्याच्या मापनखोलीत जायचं तर बूट बाहेर काढावे लागत, हात पुसावे लागत आणि दार आपल्यामागे लोटून घ्यावं लागे. धूळ आत येऊ नये म्हणून ही व्यवस्था होती. संशयाला अशी काही अट नव्हती. तो बूट घालून आत येई.

या खोलीत गेली बावीस वर्षं एकच माणूस बसत होता. हुद्द्याने तो तपासनीस, पण शॉपमधली, म्हणजे मशीनवरची, मंडळी त्याला मापाडी म्हणत. बाजारातल्या मापाड्याचं माप कुणाकडे झुकतं हे ज्याला त्याला ठाऊक असतं, तेव्हा हे नाव प्रेमापोटी पडलं असण्याची शक्यता कमीच. तपासनीस मात्र ते पदवीसारखं मिरवत असे.

त्याचं काम होतं मायक्रॉनचं. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. डोक्यावरचा एक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. मापाडी हे इतक्या वेळा सांगे, की ऐकणाऱ्याला वाटावं, यानेच तो केस धरून उभा चिरला असणार. घरी बायको त्याला दूध आणायला पाठवताना 'ते मोठं भांडं भरून' एवढंच माप सांगत असे, आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

कारखान्यात पंपाची एक पिन बनत असे. बोटाएवढी लांब, पोलादी, आरशासारखी. तिची जाडी बारा पूर्णांक तीनशे पासष्ट सहस्रांश मिलिमीटर. त्यात दोन मायक्रॉन जास्त झाले तर चालतील, दोन कमी झाले तरी चालतील. त्यापलीकडे गेली तर पिन बाद. ही पिन घासून शेवटच्या मापाला आणायचं काम ग्राइंडिंग मशीनवरचा जो माणूस करत असे, तो मापाड्याचा साडू होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली मापाड्याकडे, धाकटी साडूकडे.

भाऊ वाटणीवरून भांडतात, व्याही मानपानावरून भांडतात. साडूंना वेगळं कारण लागत नाही, सासू-सासरे एक असले की भागतं. त्यातून हे दोघे एकाच छपराखाली कामाला, आणि एकाने केलेलं दुसऱ्याने तपासायचं. तरीही अठरा वर्षं बरी गेली, कारण साडूच्या पिना कधी चुकत नसत. तो पिन घासणाऱ्या चाकाचा आवाज ऐकून मशीन लावी. पिन मापाला आली की चाक 'गप्प बसतं' असं तो म्हणे. त्याच्याशिवाय हे गप्प बसणं आजवर कुणाला ऐकू आलं नव्हतं.

आणि मग एका सोमवारी शंभर पिनांच्या ट्रेमधल्या ब्याण्णव कमी भरल्या.

मापाडी ट्रे घेऊन स्वतः मशीनपाशी गेला. एरवी तो निरोप पाठवी.

"साडूभाऊ, ट्रे परत आणलाय."

"का?"

"कमी भरतायत. तीन मायक्रॉन."

"किती पिना?"

"ब्याण्णव."

"आणि उरलेल्या आठ?"

"त्या काठावर आहेत. कशाबशा पास."

साडूने चाक थांबवलं, हात पुसले. "म्हणजे ब्याण्णव वेळा माझा हात चुकला आणि ब्याण्णव वेळा तेवढाच चुकला? साडूभाऊ, चुकण्यात इतका सारखेपणा मला या जन्मात जमायचा नाही."

"काटा सांगतो ते मी सांगतो."

"माझा मायक्रोमीटर वेगळं सांगतो." त्याने खिशातून आपला मायक्रोमीटर काढला, एक पिन जबड्यात धरली आणि मापाड्याच्या नाकाखाली नेली. "बघा. तीनशे पासष्ट."

"हातात धरलेलं माप. हाताच्या उबेने पोलाद फुगतं. मापनखोलीत ते चालत नाही."

"चालत नाही कसं? अठरा वर्षं चाललं."

हा मुद्दा बिनतोड होता. बिनतोड मुद्दा हाताशी तयार ठेवणाऱ्या माणसाबद्दल मापाड्याला नेहमीच शंका येई. त्याने पिनांच्या टोकांना लाल रंग फासला आणि ट्रे बादच्या कपाटात टाकला. जास्त भरलेली पिन पुन्हा घासता येते. कमी भरलेल्या पिनेला वाढवायची सोय देवाने किंवा कारखान्याने केलेली नाही.

बुधवारचा ट्रेही तसाच आला. तीन मायक्रॉन कमी. चौऱ्याण्णव बाद.

आता यामागे एक फळी होती, ती सांगायला हवी. दोन महिन्यांपूर्वी मापाड्याने सासूबाईंच्या स्वयंपाकघरात एक फळी ठोकून दिली होती. सगळे जमले असताना साडूने खिशातून बेअरिंगची एक गोळी काढली आणि काही न बोलता फळीच्या एका टोकाला ठेवली. गोळी निघाली, सावकाश वेग घेत दुसऱ्या टोकाला पोचली आणि खालच्या आमटीच्या पातेल्यात पडली. सासूबाई हसल्या. सासरे हसले. मेहुणी तोंडाला पदर लावून हसली. सगळ्यात जास्त वेळ मापाड्याची स्वतःची बायको हसली, आणि हे त्याने लक्षात ठेवलं होतं.

त्यामुळे बुधवारी संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा बायको दारातच उभी होती.

"अहो, खरं सांगा. फळीचा राग काढताय ना?"

"कसला राग?"

"धाकटीचा फोन आला होता. रडत होती. म्हणाली, ताई, भावोजींना म्हणावं गोळी आमची आणि आमटी तुमची, झालं ते झालं. पण यांच्या पोटावर पाय देऊ नका."

"पोटावर कोण पाय देतंय? काटा तीन कमी दाखवतो."

"काटा तुमचाच ना?"

"कंपनीचा आहे. प्रमाणपत्र आहे त्याला. भिंतीवर टांगलंय."

"आपल्या लग्नाचंही आहे भिंतीवर," बायको म्हणाली आणि आत गेली.

मापाडी बराच वेळ या वाक्याचा अर्थ लावत बसला. तो लागेना, तेव्हा त्याने ते संशयास्पद वाक्यांच्या यादीत टाकलं. यादी वाढत चालली होती.

त्याचा स्वतःचा संशय असा होता. साडू मुद्दाम तीन मायक्रॉन कमी घासतो. एवढ्या सारखेपणाने कमी घासायचं तर तेवढाच कसबी हात हवा, आणि तो फक्त साडूचा. कशासाठी? मापनखोलीचं माप खोटं आहे असं साहेबांना वाटावं म्हणून. फळी झाली, आता खोली. माणसाने एकदा दुसऱ्याला आमटीत पाडण्याची चव चाखली की तो थांबत नाही.

म्हणून मापाडी बुधवारी दुपारीच शॉपमध्ये जाऊन तेलाच्या ड्रमामागे उभा राहिला होता. साडू मशीनवर वाकला होता. पाच मिनिटांनी तो मान न वळवता म्हणाला, "ड्रमामागे जे कुणी आहे त्याने पाय आत घ्यावेत. गाडा यायचाय."

"मी जरा चाकाचा आवाज ऐकत होतो," मापाडी बाहेर येत म्हणाला.

"मग? काय म्हणालं चाक?"

"काही नाही."

"गप्प बसलं असेल. त्याचा अर्थ माप बरोबर आहे."

साडूही काही स्वस्थ बसला नव्हता. मापनखोलीत आपल्या पिना बदलून दुसऱ्याच कुणाच्या तरी मोजल्या जातात, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने बुधवारच्या ट्रेमधल्या प्रत्येक पिनेच्या टोकावर सुईने एक ठिपका काढून ठेवला. मापाड्याला भिंगाखाली ते ठिपके दिसले. शंभर पिनांवर शंभर ठिपके. ही खूण कुणासाठी, खात्यात आणखी कोण सामील आहे, या विचारात त्याचा अख्खा तास गेला. मग त्याने रात्रभर मापनखोलीला कुलूप असावं असं ठरवलं आणि कुलूप कुणी उघडलं तर कळावं म्हणून दाराच्या फटीत एक केस चिकटवून ठेवला. सत्तर मायक्रॉनचा.

हे सगळं साहेबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. साहेब नवे होते, विक्री विभागातून बढतीवर आलेले. त्यांना मायक्रॉन दिसत नसे, पण माणसं आरपार दिसतात अशी त्यांची समजूत होती. त्यांनी बुधवारी सुटी व्हायच्या आधीच दोघांना एकत्र बोलावलं.

"तुम्ही म्हणता पिन चुकीची. तुम्ही म्हणता माप चुकीचं. बरोबर?"

दोघांनी मान हलवली.

"एक जण खोटं बोलतोय. किंवा," साहेब थोडं थांबले, "दोघेही. तुम्ही नातेवाईक आहात असं कळलं."

"साडू," दोघे एकदमच म्हणाले, आणि एकदम बोललो म्हणून दोघांनाही वाईट वाटलं.

"हां. तर शुक्रवारी तिसरा ट्रे. तो पास झाला नाही तर तुम्ही," त्यांनी साडूकडे बोट केलं, "सोमवारपासून पॅकिंगला. मशीनवर मी दुसरा माणूस बसवतो. त्याला आवाज वगैरे ऐकू येत नाही, पण आकडे वाचता येतात."

 बाहेर आल्यावर व्हरांड्यात साडूने आपले दोन्ही हात समोर धरून पाहिले, जणू कुणी परत मागितलेली वस्तू देण्याआधी नीट आहे ना ते बघावं. अठरा वर्षं पिना घासलेला माणूस पॅकिंगमध्ये खोक्यांना पट्टी मारत उभा राहणार. मापाड्याला ते दृश्य डोळ्यांपुढे आणताना जेवढं बरं वाटायला हवं होतं तेवढं वाटलं नाही. याचाही त्याला संशय आला.

गुरुवारी सकाळी दारातला केस जागेवर होता.

मापाड्याने रोजच्यासारखी सुरुवात केली. त्याच्यापाशी स्लिप गेज होते, म्हणजे पोलादाचे घासून आरसा केलेले लहान ठोकळे. प्रत्येकाची जाडी ठरलेली, एका मायक्रॉनच्याही आत अचूक. इतके सपाट, की स्वच्छ करून एकावर एक सरकवत दाबले की गोंदाशिवाय चिकटून बसतात. एक दहाचा, एक एक पूर्णांक छत्तीस शतांशाचा आणि एक एक पूर्णांक पाच सहस्रांशाचा, असे तीन ठोकळे चिकटवले की पिनेच्या जाडीएवढी चवड तयार. ही चवड कम्पॅरेटर नावाच्या यंत्राखाली ठेवायची आणि वरचा काटा शून्यावर आणायचा. मग चवड काढून तिथे पिन सरकवायची. पिन चवडीपेक्षा किती लहान-मोठी ते काटा सांगतो.

ठोकळे चिकटवण्याआधी मापाडी ते डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूवर एकदा ओढून घेत असे. त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या तपासनिसाने ही युक्ती दिली होती. मनगटाच्या कातडीवर तेलाचा जो नावापुरता अंश असतो, त्याने ठोकळे झकास धरतात. तरुण मंडळी त्यासाठी मऊ चामडं वापरत. मापाडी त्यांची कीव करी. चामड्याला काय कळतंय?

त्याने चवड ठेवली, काटा शून्यावर आणला, आणि तेवढ्यात साहेबांनी त्याला कसल्याशा कागदावर सहीसाठी बोलावलं. अर्ध्या तासाने तो परतला तर काटा शून्याच्या खाली उतरला होता. अर्धा मायक्रॉन.

मापाड्याने आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग कपाटाच्या मागेही पाहिलं. कोणी आलं नव्हतं. खोलीचं तापमान पाहिलं. वीस अंश, जसं हवं तसं. टेबल हलतंय का ते हात लावून पाहिलं. शेजारच्या खात्यातल्या दणके देणाऱ्या प्रेसवर संशय घेतला, पण तिला आज सुट्टी होती. शेवटी तो खुर्ची ओढून काट्यासमोर बसला आणि एखाद्या संशयिताकडे पाहावं तसं त्याच्याकडे बघत राहिला. काटा, कुणाचीही भीड न ठेवता, आणखी खाली सरकला.

चवड बसत चालली होती. पोलादाचे ठोकळे, आणि ते बसत चालले होते.

त्याने चवड काढून ठोकळे सोडवले. स्वच्छ ठोकळे सुटताना हट्ट करतात, बोटांना जोर लावून सरकवावे लागतात. हे लोण्यावरून सुरी जावी तसे सुळकन सरकले. आतल्या बाजूला आरशावर श्वास सोडावा तसा धुरकट थर होता. मापाड्याने ठोकळा नाकाशी नेला. निलगिरी.

मग त्याने आपलं डावं मनगट नाकाशी नेलं.

गेले दहा-बारा दिवस त्याचं मनगट दुखत होतं. मेहुणी औषधांच्या दुकानात काम करायची. फळीच्या प्रकरणानंतर वातावरण निवळावं म्हणून तिने गेल्या रविवारी ताईच्या हाती मलमाची एक डबी पाठवली होती. रोज सकाळी आंघोळीनंतर चोळायचं. मापाडी ते मनोभावे चोळून कामावर येई आणि त्याच मनगटावर रोज सकाळी तीन ठोकळे पुसत असे. दोन सांध्यांमध्ये मलम, आणि खाली टेबल नि ठोकळा यांच्यामध्ये मलम. तीन ठिकाणी मिळून तीन मायक्रॉन. चवड खऱ्यापेक्षा उंच व्हायची, आणि चांगली पिन तिच्यापुढे बुटकी दिसायची.

त्याने ठोकळे स्पिरिटने धुतले, आयुष्यात पहिल्यांदा चामड्याने पुसले, चवड लावली आणि बादच्या कपाटातली लाल टोकाची एक पिन काट्याखाली सरकवली. शून्य. दुसरी, अर्धा जास्त. तिसरी, शून्य. चौथी, एक कमी. त्याने पन्नास पिना मोजल्या. पन्नासही उत्तम. साडूच्या हाताच्या पिना होत्या त्या.

ठोकळ्यांना प्रमाणपत्र होतं. कम्पॅरेटरला होतं. मनगटाला प्रमाणपत्र असावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

यानंतर सात मिनिटं मापाड्याने मेहुणीवर संशय घेतला. तिने मुद्दाम दिलं असेल का मलम? पण मग त्यातून तिचा स्वतःचाच नवरा पॅकिंगला जातो. एवढा तोटा सोसून बहिणीच्या नवऱ्याला कोण छळेल? हिशेब जमेना. तरी त्याने खबरदारी म्हणून थोडा संशय राखून ठेवला.

राहिला प्रश्न सांगण्याचा. बावीस वर्षं ज्याच्या मापावर माणसांच्या नोकऱ्या टिकल्या नि गेल्या, त्याने आता जाऊन म्हणायचं, की साहेब, घोटाळा माझ्या मनगटात होता? आणि गरज तरी काय? ठोकळे स्वच्छ झाले. उद्या साडू नेहमीसारख्याच पिना आणणार, उद्या काटा शून्य दाखवणार, ट्रे पास होणार. साडू मशीनवर, मापाडी खुर्चीवर. खरं जर आपल्या पायांनी चालत येणार असेल तर त्याला हाताला धरून आणायचं कशाला? असा विचार करून त्याने डबी कचऱ्यात टाकली आणि घरी बायकोला सांगितलं, की उद्या सगळं ठीक होईल.

"कशावरून?" बायको म्हणाली.

"माझं मन सांगतंय."

"तुमचं मन कधीपासून सांगायला लागलं?" तिने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो लवकर झोपला.

शुक्रवारी सकाळी साडू स्वतः ट्रे घेऊन आला. बूट काढले, हात पुसले, दार लोटलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. साहेबांनीच त्याला समोर उभं राहून मोजणी बघायला सांगितलं होतं. त्याचा चेहरा ओढलेला होता.

मापाड्याने हसून पहिली पिन सरकवली. काटा शून्यावरून पुढे गेला. तीन जास्त.

त्याने पिन काढली, पुसली, पुन्हा सरकवली. तीन जास्त. दुसरी, चार जास्त. तिसरी, दोन. चौथी, तीन.

"काय झालं?" साडू म्हणाला. "आता काय? आता तरी बरोबर असतील ना?"

"साडूभाऊ," मापाडी हळूच म्हणाला, "या कुणाच्या मापाने घासल्यात?"

"तुमच्या."

"माझ्या म्हणजे?"

"तुमच्या म्हणजे तुमच्या! तुमचा काटा तीन कमी दाखवतो ना? मी तीन जास्त ठेवल्या. दोन पोरींची शाळा आहे, साडूभाऊ. खरं माप घेऊन पॅकिंगमध्ये उभं राहून काय करू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "अठरा वर्षांत पहिल्यांदा चाक ओरडत असताना थांबवलं. मला झोप नाही रात्रभर."

मापाडी काट्याकडे बघत राहिला. ट्रे बाद म्हटला तर साडू सोमवारी पॅकिंगला. पास म्हटला तर शंभर पंपांत शंभर पिना अडकणार, आणि परत येतील तेव्हा दोष पुन्हा याच साडूवर. आणि तिसरा रस्ता एकच, ज्याच्या टोकाला त्याची स्वतःची खुर्ची होती.

"काल ठोकळे धुतले मी," तो म्हणाला.

"कुठले ठोकळे?"

"त्यांना मलम लागलं होतं. माझ्या मनगटाचं. तुमच्या पिना बरोबर होत्या. सोमवारच्या. बुधवारच्यासुद्धा."

साडू भिंतीपासून सुटा झाला. "हे कधी कळलं?"

"काल सकाळी."

"काल सकाळी! आणि काल दिवसभर जीभ काय कुलपात ठेवली होती?"

 मापाडी उठला, बूट घालायला विसरला आणि मोज्यांवरच साहेबांच्या खोलीकडे चालू लागला. साडू मागोमाग, तोही मोज्यांवर.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीत मागे रेलले.

"छान. साडूची नोकरी जायची वेळ आली आणि यांना मलम आठवलं."

"साहेब, खरं सांगतोय."

"गुन्हा कबूल करणारा माणूस मी विक्रीतल्या वीस वर्षांत पाहिला नाही. जो करतो त्याला कुणाला तरी वाचवायचं असतं."

"साहेब, यांना मला वाचवायचं असतं तर कालच बोलले असते," साडू म्हणाला. मापाड्याच्या बाजूने कुणी बोलायला लागलं तर ते असं बोलणार, हे ओघानेच आलं.

साहेबांना हे पटलं. कुणाचा तरी कुणावर तरी राग आहे असं दिसलं की त्यांना गोष्ट खरी वाटू लागे. ते मापनखोलीत आले. मापाड्याने कचऱ्याच्या टोपलीतून डबी काढली, मनगटावर मलम चोळलं, बावीस वर्षं ज्या हालचालीचा अभिमान बाळगला तीच हालचाल साहेबांसमोर केली आणि काटा शून्यावर आणून सोमवारची लाल पिन सरकवली. तीन कमी. मग ठोकळे स्पिरिटने धुतले, चामड्याने पुसले. तीच पिन. शून्य.

साहेबांनी हे चार वेळा करायला लावलं. पाचव्यांदा स्वतःच्या हाताने केलं, स्वतःच्या मनगटावर मलम चोळून. तीन कमी.

"हे मलम दिलं कुणी?"

"मेहुणीने."

"मेहुणी म्हणजे?" साहेबांनी सावकाश साडूकडे पाहिलं. "यांची बायको?"

"साहेब," साडू म्हणाला, "माझ्या बायकोला यात ओढायचं काम नाही. तिने मनगटासाठी दिलं होतं. ठोकळ्यांना चोळा म्हणून कुणी सांगितलं होतं?"

साहेबांनी तरीही कागदावर काहीतरी टिपून घेतलं. मग निकाल दिला. लाल रंग पुसून दोन्ही बाद ट्रे पास. आजचा ट्रे परत मशीनवर, वरचे तीन मायक्रॉन उतरवायला. साडू आपल्या जागेवर. मापाडी सोमवारपासून सहा महिने पॅकिंगला, आणि त्यानंतर पाहू. मापनखोलीत चामड्याशिवाय ठोकळ्यांना हात लावायचा नाही.

"आणि चुकांच्या वहीत नोंद करा. कारणासकट. दोघांच्या सह्या हव्यात. एकट्याच्या सहीवर माझा विश्वास नाही."

साहेब गेले. मापाड्याने वही उघडली. तारीख लिहिली, पिनांची संख्या लिहिली. 'कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. बावीस वर्षं या रकान्यात त्याने इतरांची कारणं लिहिली होती: चाक झिजले, कामगार निष्काळजी, धातू खराब. त्याने लिहिलं: 'तपासनिसाचे मनगट.'

वही साडूकडे सरकवली. साडूने चष्मा लावला आणि ते दोन शब्द, सहीला उभा राहिलेला माणूस वाचतो त्याहून जास्त वेळ वाचले.

"कुठलं मनगट?"

"अं?"

"डावं की उजवं? नुसतं मनगट काय लिहिता? उद्या कोणी तरी उजव्यावर संशय घेईल."

मापाड्याने वही परत घेतली आणि 'मनगट'च्या आधी, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, 'डावे' असं लिहिलं. साडूने ते तपासलं, खाली सही केली, ट्रे उचलला आणि मशीनकडे निघाला.